बागेतली नॅरोगेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगणात, परसात किंवा गच्चीवर नॅरोगेज गाडी चालवू पाहणाऱ्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे विषय दुसरीकडे सविस्तर आला आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बागेतली नॅरोगेज म्हणजे नेमकं काय? टेबलावरच्या ट्रेनपेक्षा ती वेगळी कशी?

खऱ्या नॅरोगेज किंवा मीटरगेज गाडीची मोठी प्रतिकृती, जी उघड्यावर, मातीवर आणि खडीवर धावते. टेबलावरच्या एचओ मापाच्या ट्रेनच्या दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, १६.५ मिमी असतं. बागेत ३२ किंवा ४५ मिमी वापरतात. टेबलावरचा रूळ स्वच्छ राहतो, बागेत मात्र रोज एखादा खडा रुळावर येतो. त्यामुळे इथे चाकं मोठी, डबे जड आणि रूळ उंच असावे लागतात. नॅरोगेजच निवडण्याचं कारण सरळ आहे. या गाड्या मुळातच लहान, हळू आणि तीव्र वळणांच्या, त्यामुळे मोठ्या स्केलमध्येही (मूळ गाडीशी मॉडेलचं जे प्रमाण, तो स्केल) त्या घरच्या जागेत बसतात.

२. ३२ मिमी घ्यावं की ४५ मिमी?

४५ मिमीमध्ये तयार माल सर्वांत जास्त. नुरेंबर्गच्या लेमान कंपनीने १९६८ साली एलजीबी ही बागेतली गाडी बाजारात आणली, तेव्हापासून हा गेज रुळला. एलजीबीचा स्केल १:२२.५, म्हणजे मुळात मीटरगेजची प्रतिकृती. ३२ मिमीमध्ये १:१९ स्केल चालतो आणि तो दोन फुटी गाड्यांसाठी आहे. वाफेवर चालणारी इंजिनं या गेजमध्ये विपुल आहेत, वीजेवरची तयार इंजिनं कमी.

पहिल्यांदाच करत असाल, मुलांनाही चालवू द्यायची असेल आणि सुटे भाग सहज हवे असतील, तर ४५ मिमी. वाफेची ओढ असेल आणि हाताने डबे बांधायची तयारी असेल, तर ३२ मिमी. निवडलेला गेज नंतर बदलणं महागात पडतं. दोन्ही एकत्र हवे असतील तर प्रश्न १९ पाहा.

३. मला माथेरानचीच गाडी करायची आहे. किंवा शकुंतला, बार्शी लाइट. स्केल कोणता?

मूळ गेजला मॉडेलच्या गेजने भागलं की स्केल मिळतो. नेरळ–माथेरान ६१० मिमी, म्हणजे दोन फूट. ३२ मिमीवर ती १:१९ येते आणि अगदी अचूक बसते. ४५ मिमीवर हवी असेल तर सुमारे १:१३.६. डबा प्रचंड मोठा आणि देखणा होतो, पण तेवढी जागाही खातो.

बार्शी लाइट रेल्वे, मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी शकुंतला, पुलगाव–आर्वी या सगळ्या मुळात ७६२ मिमीच्या, म्हणजे अडीच फुटी. ३२ मिमीवर त्या १:२४ येतात, ४५ मिमीवर १:१७. १:२४ मध्ये खेळण्यातल्या गाड्या आणि माणसांच्या आकृत्या सहज मिळतात, हा मोठा फायदा. पूर्वीच्या अकोला–खांडवासारखी मीटरगेज करायची असेल तर ४५ मिमी आणि १:२२.५, आणखी विचार करायची गरज नाही.

यातली तयार मॉडेल दुकानात मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. चालू स्थितीतली एखादी साधी चौकट घेऊन तिच्यावर पत्र्याचा किंवा प्लास्टिक शीटचा सांगाडा चढवणं, हाच व्यवहार्य मार्ग आहे.

४. जागा किती लागेल? वळणाची त्रिज्या किती ठेवू?

एलजीबीचं सर्वांत लहान वळण ६०० मिमी त्रिज्येचं असतं. त्यावर दोन आसांची इंजिनं आणि आखूड डबे निघून जातात, पण लांब डबे आतल्या बाजूला ओढले जाऊन आडवे होतात. जागा असेल तर १.२ मीटरच्या खाली जाऊ नका.

कारण इंजिनाच्या चाकांत आहे. तीन जोडचाकं एकाच कडक चौकटीत बसवली की ती तीव्र वळणात रुळाला घासतात. खऱ्या माथेरानलाही हीच अडचण होती. म्हणून १९०७ साली सुरू झालेल्या त्या मार्गासाठी ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीच्या इंजिनांना क्लिन-लिंडनर पद्धतीचे बाजूला सरकणारे आस होते. आपल्या मॉडेलला ते नसतात, म्हणून वळण सैल ठेवावं लागतं.

१.२ मीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळं आणि चार-चार मीटरचे दोन सरळ भाग घेतले, तर एकूण मार्ग साडेपंधरा मीटर होतो. कडेची मोकळी जागा धरून ७ × ३ मीटर, म्हणजे साधारण २३ × १० फूट लागतात. एका बाजूचं वळण संपून लगेच दुसऱ्या बाजूचं सुरू करू नका. मध्ये किमान एका डब्याच्या लांबीचा सरळ तुकडा हवा, नाहीतर कपलिंग (डबे जोडणारे आकडे) एकमेकांना ढकलून डबे उतरवतात.

५. एवढ्या मार्गाला साहित्य किती आणायचं?

वरच्या साडेपंधरा मीटरच्या मार्गासाठी २० सेमी रुंद आणि १५ सेमी खोल चर धरा. खालचे १० सेमी मुरूम, वरचे ५ सेमी कच, म्हणजे बारीक खडी. दाबल्यावर मुरूम बसतो, म्हणून १४ घनफूट मुरूम आणि ७ घनफूट कच मागवा. सगळं मिळून पाव ब्रासच्या आत येतं. पुरवठादार एवढा थोडा माल पोचवायला तयार होत नाही, तेव्हा शेजारच्या बांधकामाच्या गाडीतून घेतलेला बरा. काळ्या मातीत चर जास्त खोल लागतो, त्यासाठी प्रश्न ६ पाहा.

रूळ दीड मीटरच्या तुकड्यांत घेतले तर ११ तुकडे आणि दोन्ही बाजूंचे मिळून २२ जोड. जोडपट्ट्या चार-पाच जास्तीच्या ठेवा, गवतात हमखास हरवतात.

६. पाया कसा करायचा? आमच्याकडे काळी माती आहे.

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. गाडी बिघडली तर दुरुस्त होते. पाया खचला तर सगळा रूळ उचलावा लागतो.

आधी दोरी आणि खुंट्यांनी मार्ग आखा. उंची पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने मोजा. डोळ्याने सपाट वाटणारं अंगण दहा मीटरमध्ये सहज दहा-पंधरा सेमी उतरलेलं असतं. चर खणल्यावर मुळं पूर्ण काढा, कारण अर्धवट कापलेलं मूळ कुजून त्या जागी पोकळी होते. तळाला जिओटेक्स्टाइल कापड अंथरा. प्लास्टिकचा कागद चालणार नाही, त्यात पाणी साठतं. मुरूम एकदम न ओतता पाच-पाच सेमीच्या थरांत टाका, पाणी मारा आणि प्रत्येक थर धुमसाने ठोका. वर ६ मिमीची कच. नदीचे गोल खडे दिसायला छान, पण ते एकमेकांत अडकत नाहीत आणि रूळ सरकतो. कोनेदार दगडच हवा. क्रश सँडची पूड एकटी वापरू नका, पहिल्या पावसात तिचा चिखल होतो.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तेही सगळीकडे सारखं नाही. म्हणून तिथे १५ ऐवजी किमान ३० सेमी खणा आणि तेवढा मुरूम भरा. पातळ काँक्रीटची सलग पट्टी टाकण्याचा मोह होतो, पण सळई नसलेली पट्टी दोन उन्हाळ्यांत तडकते आणि तडकलेल्या जागी रुळाला पायरी पडते.

कोकणात आणि गोव्यात अडचण उलटी. जांभ्याची माती पाणी जिरवते, पण उतारावरून येणारा लोंढा कच वाहून नेतो. चराच्या वरच्या अंगाला वेगळा पन्हाळ काढा, आणि जिथे पाणी मार्ग ओलांडू पाहतं तिथे पायाखालून चार इंची पीव्हीसी पाइप टाका. पाइपाच्या दोन्ही तोंडांना दगड रचले की तीच छोटी मोरी दिसते.

७. जमिनीवरच ठेवू की उंचावर?

वाफेचं इंजिन चालवणार असाल किंवा गुडघे दुखत असतील, तर उंचावर. ६० ते ७५ सेमी उंचीवर इंजिनात पाणी आणि गॅस भरणं सोयीचं होतं. कोकणात चिऱ्याची बुटकी भिंत उत्तम. देशावर सिमेंटचे ब्लॉक उभे करून त्यावर फरशी टाकतात. लाकडी घोडे आणि प्लायवूड टाळा. वाळवी आणि पाऊस मिळून त्याचा भुगा करतात. कुत्री असलेल्या घरात उंच मार्गाचा आणखी एक फायदा लगेच लक्षात येतो.

८. चढ किती चालेल?

वीजेच्या किंवा बॅटरीच्या गाडीला ५० ला १, म्हणजे मीटरला २ सेमी, सुखाने चालतो. तीन-चार हलक्या डब्यांना २५ ला १ सुद्धा जमतो, पण इंजिन गरम होतं. माथेरानचा २० ला १ पाहून तसाच चढ ठेवू नका. तिथे छोट्या गाड्या, जड इंजिन आणि ब्रेकवाले होते. वाफेसाठी मार्ग शक्यतो सपाट ठेवा. हाताने सोडलेलं वाफेचं इंजिन चढावर दमतं आणि उतारावर भरधाव सुटतं. रिमोट असेल तरच ५० ला १ पर्यंत जा. चढाची सुरुवात आणि शेवट एकेक मीटरमध्ये हळूहळू वळवा, एकदम कोन झाला की कपलिंग सुटतात.

९. रूळ पितळी घ्यावेत की अ‍ॅल्युमिनियमचे?

वीज रुळातून घेणार असाल तर पितळ. त्यावर काळपट थर चढतो, पण तो घासून निघतो. अ‍ॅल्युमिनियम स्वस्त आणि हलकं, मात्र वीजेसाठी बेभरवशाचं. बॅटरी किंवा वाफ ठरलेली असेल तर ते खुशाल घ्या. चुकून पाय पडला तर वाकतं, एवढं ध्यानात असू द्या. एलजीबीचा रूळ कोड ३३२ म्हणजे सुमारे ८.४ मिमी उंच. कोड २५० म्हणजे ६.३५ मिमी, दिसायला अधिक खरा. स्लीपरचं प्लास्टिक उन्हासाठी बनवलेलं आहे ना, हे आवर्जून विचारा. घरातल्या वापराचे स्लीपर आपल्याकडच्या उन्हात तडकतात.

१०. दुपारी रूळ वाकडे होतात आणि सकाळी पुन्हा सरळ. असं का?

पितळ तापलं की वाढतं. सकाळी २५ अंशांना बसवलेला रूळ मे महिन्यात उन्हात ६० अंशांवर जातो. तेवढ्यात दीड मीटरचा तुकडा १ मिमी आणि साडेपंधरा मीटरचा मार्ग १० मिमी वाढतो. त्याला जायला जागा नसेल तर तो बाजूला फुगतो.

सकाळी बसवत असाल तर सरळ भागातल्या प्रत्येक जोडात सुमारे १ मिमी फट ठेवा. एटीएम कार्ड पाऊण मिमी जाड असतं, ते सैल बसेल इतकी फट पुरते. भर दुपारी बसवलेल्या रुळाला फट जवळपास नकोच, नाहीतर डिसेंबरच्या पहाटे ती दुप्पट होते. रूळ स्क्रूने पायाला आवळू नका. कचेत तरंगता ठेवा, म्हणजे वळणं एखादा मिमी आत-बाहेर सरकून ताण सोसतात. वळणातले जोड क्लॅम्पने घट्ट करा आणि सरळ भागातले सरकते ठेवा. सरकत्या जोडावरून वीज जाण्यासाठी लवचीक तारेचा पूल सोल्डर करा.

११. वीज रुळातून, बॅटरी की वाफ?

रोज अर्धा तास झाडू-पोछा करायची तयारी असेल तर रूळ. गाडी उचलून ठेवली की लगेच चालायला हवी असेल तर बॅटरी. आपल्या धुळीत आणि पावसात बॅटरी हाच आमचा स्पष्ट सल्ला आहे, विशेषतः मार्ग २० मीटरच्या पुढे जात असेल तर. वाफ हा वेगळाच आनंद आहे, ती चालवायला माणूस जवळ उभा लागतो. रूळ: प्रश्न १२. बॅटरी: प्रश्न १३. वाफ: प्रश्न १४.

१२. गाडी एका बाजूला जोरात आणि दुसऱ्या बाजूला मंद धावते.

जोडांवर वीजेचा दाब उतरतो. एकाच जागी वीज दिली की दहा-बारा जोड ओलांडता ओलांडता ती क्षीण होते. २.५ चौरस मिमीची तांब्याची मुख्य तार मार्गाच्या कडेने फिरवा आणि दर पाच-सहा मीटरवर रुळाला जोडा. जोडपट्टी घालण्याआधी आत ग्रॅफाइटची पेस्ट लावा.

रूळ घासायला स्टील वूल कधीही वापरू नका. त्याचे तंतू मोटरच्या चुंबकाला चिकटून आतून शॉर्ट करतात. बारीक पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून फिरवा. ट्रान्सफॉर्मर घरात किंवा पडवीत ठेवा, बाहेर फक्त कमी दाबाची डीसी न्या. त्या सॉकेटला आरसीसीबी (वीज गळली की लगेच ती तोडणारा स्विच) असलीच पाहिजे. वळवाच्या गडगडाटात प्लग काढून ठेवा.

मार्ग स्वतःवरच वळून परत येत असेल, म्हणजे फास तयार होत असेल, तर डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्ट होतो. फासाचा एक भाग दोन्ही टोकांना तोडून वेगळा करावा लागतो, आणि तो भाग सर्वांत लांब गाडीपेक्षा मोठा हवा. बॅटरीवर हा प्रश्नच उद्भवत नाही.

१३. बॅटरी कोणती आणि किती वेळ चालते?

लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल मालिकेत जोडले की १२.८ व्होल्ट मिळतात. बहुतेक इंजिनांना नॅरोगेजच्या शोभणाऱ्या वेगासाठी हे पुरतं. लिथियम आयनचे चार सेल १४.८ व्होल्ट देतात आणि कमी जागेत बसतात, पण उष्णतेला ते जास्त नाजूक. उन्हात उभ्या काळ्या इंजिनाच्या आत फार तापतं, म्हणून आम्ही फॉस्फेटला पसंती देतो. कोणताही पॅक बीएमएसशिवाय (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटशिवाय) नको, आणि बॅटरीच्या तारेतच फ्यूज घाला.

इंजिन ०.८ अँपियर घेत असेल तर २.६ अँपियर-तासांचा पॅक सुमारे तीन तास चालतो. तापलेला पॅक लगेच चार्ज करू नका, आधी सावलीत निवू द्या. इंजिनात जागा नसेल तर बॅटरी पाठच्या डब्यात ठेवा. तो डबा कायम इंजिनाला जोडलेला राहतो, आणि मधला प्लग उलटा बसणार नाही असाच निवडा.

१४. वाफेचं इंजिन पेटवायची नीट पद्धत सांगा.

क्रम बदलू नका. आधी सगळ्या फिरत्या सांध्यांना एकेक थेंब साधं मशीन ऑइल. मग ल्युब्रिकेटरमधलं (सिलिंडरला तेल पुरवणाऱ्या डबीतलं) जुनं पाणी काढून त्यात वाफेच्या सिलिंडरसाठीचं जाड तेल भरा. इथे गाडीचं इंजिन ऑइल चालत नाही. नंतर बॉयलरमध्ये डिस्टिल्ड पाणी, इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या मापाइतकंच. बोअरचं पाणी घातलं तर आत क्षार बसतो. शेवटी गॅस, उघड्यावर आणि आसपास दुसरी ज्योत नसताना. गॅसची झडप किंचित उघडून चिमणीच्या तोंडाशी लायटर धरा. ज्योत आत ओढली जाऊन हलका फटका ऐकू येतो. ज्योत चिमणीतच जळत राहिली तर गॅस बंद करून पुन्हा सुरुवात करा.

दाब ४० पीएसआयच्या आसपास आला की रेग्युलेटर, म्हणजे वाफेची झडप, थोडासाच उघडा आणि इंजिन हाताने पुढे-मागे करा. थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी झालेलं असतं, ते चिमणीतून उडेल, म्हणून चिमणीवर वाकू नका. पाणी निघालं की चाकं मोकळी फिरतात. गॅसची टाकी मुद्दामच लहान ठेवलेली असते, म्हणजे पाण्याआधी गॅस संपतो आणि बॉयलर कोरडा तापत नाही. एका भरण्यात साधारण २० ते ३० मिनिटं मिळतात.

इंग्लंडमधल्या सूचना वाचून ब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण शोधू नका. ते त्यांच्या थंडीसाठी आहे. आपल्याकडे शुद्ध ब्युटेन हवं, तेही जपून. २० अंशांना ब्युटेनच्या टाकीतला दाब वातावरणापेक्षा सुमारे १ बार जास्त असतो, ४० अंशांना तो पावणेतीन बारच्या पुढे जातो. मे महिन्यातल्या दुपारी ज्योत घरघरते, सेफ्टी व्हॉल्व्ह सतत फुसफुसतो आणि गॅस दहा मिनिटांत उडतो. सकाळी आठच्या आत चालवा. जुना किंवा हाताने बनवलेला बॉयलर घेत असाल, तर कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबाने पाण्याची चाचणी झाल्याशिवाय पेटवू नका.

१५. पावसाळ्यात सगळं उचलून ठेवायचं का?

रूळ राहू द्या. इंजिनं, डबे, पॉइंट (गाडीचा रूळ बदलणारा सांधा) हलवणाऱ्या वीजेच्या मोटर आणि लाकडी स्टेशनं आत घ्या. नेरळ ते अमन लॉज हा खरा मार्गही पावसाळ्यात बंदच ठेवतात, तेव्हा आपणही चार महिने थांबलो तर बिघडत नाही. बॅटरी अर्धी भरून कोरड्या कपाटात ठेवा. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर पूर्ण रिकामा करा आणि सिलिंडरमध्ये तेल सोडा. गणपतीनंतर उघडीप मिळाली की आधी कच बसवून घ्या, मग रूळ तपासा, गाडी सर्वांत शेवटी.

१६. डबे नेमके एकाच जागी उतरतात.

मग दोष रुळात आहे. रुळावर आडवी छोटी पाणसळ ठेवून दर ३० सेमीवर पाहा. तेवढ्या अंतरात एक रूळ दुसऱ्यापेक्षा एखादा मिमीही वर-खाली झाला, तर कडक चौकटीच्या डब्याचं एक चाक अधांतरी राहतं. खालची कच चमच्याने भरून ठोका. पॉइंटवर उतरत असेल तर जिभेच्या मागे अडकलेला खडा शोधा.

एकच डबा सगळीकडे उतरत असेल तर त्याची चाकं मोजा. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर ४५ मिमी गेजला सुमारे ४० आणि ३२ मिमीला २८ मिमी हवं. डबा फार हलका असेल तर तळाला थोडं वजन लावा, वर नको.

१७. कोणती झाडं लावावीत?

बारीक पानांची. क्युफिया, जेड, छाटून ठेवलेली ड्युरांटा ही स्केलमध्ये झाडांसारखी दिसतात. ओलसर जागी ब्राह्मी जमीन झाकते. वड-पिंपळाच्या कुळातलं काहीही मार्गापासून लांब ठेवा, कुंडीतलं फायकससुद्धा. त्याची मुळं कुंडीच्या भोकातून निघून पाया उचलतात.

१८. फ्लॅट आहे. गच्चीवर करता येईल?

हो, पण वॉटरप्रूफिंगला भोक पाडू नका. फरशीच्या पट्ट्यांवर, खाली रबरी गुटके ठेवून मार्ग मोकळा मांडा आणि उताराच्या नाळीला कुठेही आडवा येऊ देऊ नका. माती आणि खडीचं वजन मोठं असतं, म्हणून इथे कच टाळा आणि कुंड्या तुळयांच्या रेषेवर ठेवा. सोसायटीची परवानगी लेखी घ्या. वाऱ्याने डबे पडतात, कठड्याला लागून मार्ग नको.

१९. एकाच मार्गावर ३२ आणि ४५ दोन्ही गाड्या चालतील का?

तीन रूळ टाकले तर. एक रूळ दोघांचा समान आणि दुसऱ्या बाजूला दोन. सरळ भागात हे सोपं, पॉइंटमध्ये फार किचकट. म्हणून पॉइंट नसलेला साधा फेरा असेल तरच करा. वाफेचं इंजिन वीज असलेल्या रुळावर आणायचं असेल तर त्याची चाकं आसापासून विद्युतरोधक केलेली आहेत का ते आधी मीटरने तपासा. नसतील तर ते चढताच शॉर्ट होईल.

२०. बोगदा किती लांब ठेवू?

दोन्ही तोंडांतून हात घालून मधोमध अडकलेली गाडी काढता येईल इतकाच, साधारण एक मीटर. त्याहून लांब हवा असेल तर वरचा भाग उचलता येईल असा करा. पावसाळ्यात आणि त्यानंतर साप, विंचू अशा जागी आसरा घेतात. तिथे हात घालण्याआधी टॉर्चने पाहा, आणि गाडी चालत नसताना दोन्ही तोंडं जाळीने बंद ठेवा.